वर्षातल्या आवडत्या अल्बमची क्रमवारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की संगीतवेड्यांच्या टोळक्यात एकच विषय असतो: यंदाची यादी झाली का? ज्याने पहिल्यांदाच यादी करायला घेतली आहे त्याला तेच ते प्रश्न पडतात, आणि वर्षानुवर्षं याद्या करणारेही त्याच प्रश्नांवरून अजून हमरीतुमरीवर येतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. काही उत्तरं सर्वमान्य आहेत, काही निव्वळ माझी मतं आहेत. कुठलं काय ते वाचताना कळेलच.

आवडले ते आवडले. क्रमांक देण्याचा अट्टहास कशाला?

पुन्हा ऐकायला भाग पाडतो म्हणून. नुसती 'आवडलेले अल्बम' अशी यादी पाच मिनिटांत होते. मार्चमध्ये एकदाच कानावरून गेलेला, मुखपृष्ठामुळे लक्षात राहिलेला अल्बमही तिच्यात बिनदिक्कत जागा पटकावतो. पण तोच सातवा की आठवा हे ठरवायची वेळ आली की तो काढून ऐकावाच लागतो. मग लक्षात येतं, की आपल्याला त्यातलं एकच गाणं आवडलं होतं आणि बाकीचा अल्बम त्या गाण्याच्या पुण्याईवर तरला होता. याच्या उलटही होतं. यादीत कसाबसा शिरलेला अल्बम तिसऱ्या ऐकण्यात असा काही उघडतो, की त्याला वर सरकवल्यावाचून चैन पडत नाही.

पहिला क्रमांक कुणाचा यात तसं काही अवघड नसतं, तो बहुतेकांना नोव्हेंबरातच ठाऊक असतो. खरी चुरस असते सहा ते पंधराच्या पट्ट्यात.

मग सर्वकालीन यादी का नको? एकाच वर्षाचं बंधन कशासाठी?

सर्वकालीन यादीत आपण ऐकत कमी आणि आठवत जास्त असतो. तिथले पहिले पाच अल्बम आपण विशीच्या आत ऐकलेले असतात आणि ते जागचे हलत नाहीत. वर्षाची चौकट आखली की ही सवयीची मंडळी बाहेर राहतात आणि एरवी कधीही शेजारी न येणारे अल्बम एकमेकांसमोर उभे राहतात.

२४ सप्टेंबर १९९१ ही तारीख घ्या. निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड', रेड हॉट चिली पेपर्सचा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक' आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी' हे तिन्ही अल्बम अमेरिकेत त्या एकाच मंगळवारी बाजारात आले. संगीताच्या इतिहासात यांची प्रकरणं वेगवेगळी असतात. १९९१ची यादी करणाऱ्याला मात्र ते एकाच रांगेत बसवावे लागतात, आणि ग्रंज, फंक आणि हिप-हॉप एकाच वेळी कुठे पोचले होते हे त्याला आपसूक ऐकू येतं.

अल्बम नेमका कुठल्या वर्षाचा धरायचा?

सगळ्यात जास्त डोकेफोड याच प्रश्नावर होते. सोपा नियम असा: जगात कुठेही पहिल्यांदा रीतसर प्रकाशित झाला ते वर्ष. ध्वनिमुद्रण कधी झालं, पुरस्कार कधी मिळाला, तुम्ही कधी ऐकला, यातलं काहीही धरायचं नाही.

नियम सोपा असला तरी तो लावताना अंगावर येतो. द क्लॅशचा 'लंडन कॉलिंग' ब्रिटनमध्ये १४ डिसेंबर १९७९ला आला आणि अमेरिकेत जानेवारी १९८०मध्ये. त्यामुळे अमेरिकी समीक्षकांच्या १९८०च्या मतदानात तो पहिला आला, आणि पुढे 'रोलिंग स्टोन' मासिकाने तर त्याला ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं! वरच्या नियमाने तो १९७९चाच. यावर वाद घालणारे अजून भेटतात, आणि अमेरिकी श्रोत्याच्या जागी उभं राहिलं तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. फक्त एक पथ्य पाळा: एकच अल्बम सोयीने दोन्ही वर्षांच्या यादीत घ्यायचा नाही.

जॅझमध्ये ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन यांतलं अंतर फार सतावतं. १९५९ हे जॅझचं सुवर्णवर्ष मानतात. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', डेव्ह ब्रूबेक चौकडीचा 'टाइम आउट', चार्ल्स मिंगसचा 'मिंगस आह उम', ऑर्नेट कोलमनचा 'द शेप ऑफ जॅझ टु कम' हे सगळे त्याच वर्षातले. या पंक्तीत कुणीतरी हमखास जॉन कोलट्रेनचा 'जायंट स्टेप्स' आणून बसवतं. तो मुद्रित झाला १९५९मध्ये, पण आला १९६०मध्ये. बाहेर काढायचा.

कोलट्रेनचंच दुसरं उदाहरण आणखी टोकाचं आहे. १९६३मध्ये मुद्रित केलेला 'बोथ डायरेक्शन्स अ‍ॅट वन्स' २०१८मध्ये प्रकाशित झाला. नियमाने तो २०१८चा, आणि पन्नासहून जास्त वर्षं पेटीत पडून राहिलेलं संगीत त्या वर्षीच्या तरुण वादकांशी स्पर्धा करायला उतरतं. मला हे अन्यायाचं वाटतं, म्हणून असे अल्बम मी 'जुन्या पेटीतून' अशा वेगळ्या रकान्यात ठेवतो. बीच बॉइजच्या अर्धवट राहिलेल्या 'स्माइल'चं काय करायचं तेही याच रकान्याने सुटतं. मुद्रण १९६६-६७चं, त्यांच्यातल्या ब्रायन विल्सनने नव्याने गाऊन काढलेली आवृत्ती २००४ची आणि मूळ मुद्रणांचा संच २०११चा. २००४चा अल्बम नवा धरावा, कारण तो खरोखर नव्याने गायलेला आहे. २०११चा संच पेटीत.

पुरस्कारांची वर्षं आणि आपली वर्षं जुळत का नाहीत?

कारण त्यांचा पात्रतेचा काळ जानेवारी ते डिसेंबर नसतो. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' आला नोव्हेंबर १९८२च्या अखेरीस आणि त्याच्यावर ग्रॅमींचा वर्षाव झाला फेब्रुवारी १९८४मध्ये. पुरस्कारांच्या यादीवरून वर्ष शोधायला गेलात तर हमखास फसाल. तबकडीच्या वेष्टनावरचं साल बघा, आणि तिथेही पुनर्मुद्रणाचं साल नाही ना, याची खात्री करा.

डिसेंबरमध्ये आलेल्या अल्बमवर अन्याय होत नाही का?

होतो. वर्षअखेरच्या छापील याद्या बऱ्याचदा नोव्हेंबरातच पक्क्या होतात. बियॉन्सेने १३ डिसेंबर २०१३ला कसलीही पूर्वसूचना न देता स्वतःच्याच नावाचा अल्बम आणला, तोवर अनेक मासिकांचे क्रमांक जाहीर होऊन गेले होते. पुढच्याच वर्षी १५ डिसेंबरला डी'अँजेलोचा 'ब्लॅक मसाया' असाच अवचित आला. तरीही समीक्षकांच्या त्या वर्षीच्या पॅझ अँड जॉप मतदानात तो पहिला आला, कारण ते मतदान उशिरापर्यंत खुलं असायचं.

जानेवारीतल्या अल्बमचं दुखणं वेगळं. ते विसरले जातात. डिसेंबरात यादी करायला बसलेला माणूस ताज्या आठवणींवर भिस्त ठेवतो, आणि वर्षाच्या पहिल्या तिमाहीतलं निम्मं त्याच्या ध्यानातून गेलेलं असतं. उपाय एकच आणि कंटाळवाणा आहे: ऐकला की त्याच दिवशी नाव आणि एक ओळ टिपून ठेवायची. 'तिसरं गाणं पुन्हा ऐक', 'आवाज फार पुढे आलाय, वाद्यं दबली' एवढंही पुरे.

ईपी, लाइव्ह, संकलनं, चित्रपटसंगीत यांना जागा आहे का?

संकलनं नकोत. त्यात निवडीचं काम दुसऱ्या कुणीतरी, बहुधा कंपनीने, आधीच केलेलं असतं.

लाइव्ह अल्बम त्या वर्षी पहिल्यांदा प्रकाशित झाला असेल तर चालतो. चित्रपटासाठी नव्याने रचलेलं संगीतही चालतं. मात्र चित्रपट बाजूला ठेवून ते ऐका. प्रसंग आठवून डोळ्यांत पाणी येत असेल तर ते श्रेय दिग्दर्शकाचं असू शकतं.

ईपीबाबत, म्हणजे अल्बमपेक्षा छोट्या संचाबाबत, मी फार काटेकोर नाही. निक ड्रेकचा 'पिंक मून' अर्ध्या तासाचाही नाही, आणि तो अल्बम नव्हे असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. कलाकार ज्याला अल्बम म्हणतो तो अल्बम. घड्याळ लावून बसू नका.

डिलक्स आवृत्ती, बोनस गाणी, रीमास्टर... नक्की कुठली आवृत्ती ऐकून क्रमांक द्यायचा?

पहिल्या दिवशी जी विक्रीला आली ती. स्ट्रीमिंगवर बऱ्याचदा नेमकी तीच समोर येत नाही. सहा महिन्यांनी सात गाणी चिकटवलेली आवृत्ती वरती दिसते आणि मूळ कुठेतरी खाली दडलेली असते. चाळीस मिनिटांत बांधून संपवलेला अल्बम त्या शेपटाने सैल पडतो. गाण्यांची मूळ यादी पाहून स्वतः प्लेलिस्ट करून घ्या.

जुन्या वर्षांच्या याद्या करताना तर जास्तच जपावं लागतं. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'च्या १९६६मधल्या ब्रिटिश आवृत्तीत १४ गाणी होती आणि अमेरिकी आवृत्तीत ११. वगळलेली तिन्ही गाणी लेननची होती, ती आधीच दुसऱ्या एका अमेरिकी अल्बममध्ये वापरून झाली होती. म्हणजे दोन देशांतले दोन श्रोते 'रिव्हॉल्व्हर'मधल्या लेननबद्दल बोलत असतील, तर ते जवळजवळ दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलत होते. 'काइंड ऑफ ब्लू'ची गोष्ट आणखी मजेशीर आहे. मुद्रणाच्या वेळी एका टेप यंत्राची गती बिघडलेली असल्याने तबकडीच्या पहिल्या बाजूवरची तिन्ही गाणी मूळ स्वरापेक्षा किंचित वर चढलेली वाजत होती. ही चूक १९९०च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांत सुधारली गेली. त्यामुळे अनेक पिढ्यांनी ज्याच्यावर जीव टाकला तो 'काइंड ऑफ ब्लू' जरा चढ्या सुरातलाच होता. इथे मी सुधारलेली आवृत्ती धरतो, कारण ती वादकांनी प्रत्यक्ष वाजवलं त्याच्या जवळची आहे.

आणि 'नेव्हरमाइंड'च्या शेवटी दहाएक मिनिटांच्या शांततेनंतर अंगावर येणारं ते दडवलेलं गाणं? सुरुवातीच्या काही प्रतींत ते नव्हतंच. क्रमांक देताना सोडून द्या.

एक अल्बम किती वेळा ऐकल्यावर मत बनवावं?

तीनदा तरी. त्यातलं एक ऐकणं सलग, दुसरं काहीही न करता. पहिल्या वेळी कानाला ओळख पटते, दुसऱ्या वेळी आपण पहिल्या वेळचीच गाणी शोधत असतो, आणि तिसऱ्या वेळी उरलेला अल्बम ऐकू येतो.

आवाजाची पातळी सारखी ठेवा. दोन गोष्टी एकापाठोपाठ ऐकल्या की त्यातली किंचित मोठ्याने वाजणारी आपल्याला जास्त चांगली वाटते. हा कानाचा धर्म आहे आणि मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनाआधी आवाजावर शेवटचा हात फिरवण्याचं काम, करणारे त्याचा पुरेपूर फायदा घेतात. १९९०नंतरच्या बऱ्याच सीड्या मुद्दाम चढ्या आवाजात भरलेल्या असतात. बहुतेक स्ट्रीमिंग सेवांमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणायची सोय असते, ती चालू करा. एक अल्बम चांगल्या हेडफोनवर आणि दुसरा फोनच्या स्पीकरवर ऐकून त्यांना तागडीत घालणं तर शुद्ध अन्याय.

यादी किती लांब असावी?

वीस. दहात धाडस होत नाही, पन्नासात पस्तिसाव्या क्रमांकाला काही अर्थ उरत नाही.

मी वर्षभरात मोजून पंधराच नवे अल्बम ऐकले. मी यादी करू का?

पाचांची करा. ते पंधरा तुम्ही नीट ऐकले असतील तर शंभर चाळणाऱ्याच्या पन्नासांपेक्षा ती वाचायला मला आवडेल.

प्रत्यक्ष क्रम लावायचा कसा? डोकं भंजाळून जातं.

एकदम एक ते वीस लावायला बसू नका. आधी वर्षभरातलं जे जे बरं वाटलं ते सगळं एका कागदावर उतरवा आणि तीन गठ्ठे करा: नक्की, बहुधा आणि बघू. 'बघू'मधले अल्बम एकदा ऐकून एक तर वर चढवा, नाही तर निरोप द्या. त्यांच्यावर जास्त वेळ घालवू नका.

आता 'नक्की'मधला कुठलाही एक उचला. तो तुमची यादी. दुसरा घ्या, पहिल्याच्या वर की खाली ते ठरवा. तिसऱ्यापासून पुढे प्रत्येक नवा अल्बम आधी यादीच्या मध्यावरच्या अल्बमशी ताडायचा. वर गेला तर वरच्या निम्म्याच्या मध्याशी, खाली गेला तर खालच्या निम्म्याच्या. यादीत १९ अल्बम असतील तरी विसाव्याची जागा जास्तीत जास्त पाच तुलनांत सापडते. वीस अल्बममधल्या सगळ्या जोड्या लावायच्या म्हटल्या तर १९० होतात, या पद्धतीने फार तर ६९. एका संध्याकाळचं काम आहे.

तुलना करताना स्वतःला काय विचारायचं याला फार महत्त्व आहे. 'आत्ता यातला कुठला लावू?' हा प्रश्न नको, त्याचं उत्तर बाहेर पाऊस आहे की ऊन यावर ठरतं. 'यातला एक पुन्हा कधीच ऐकायला मिळणार नसेल, तर कशाची चुटपुट जास्त लागेल?' असं विचारा. या प्रश्नाला मन फारसं खोटं बोलत नाही.

कधी कधी भलताच पेच पडतो. 'क' हा 'ख'पेक्षा आवडतो, 'ख' हा 'ग'पेक्षा, आणि 'ग' मात्र 'क'पेक्षा! याचा अर्थ तुम्ही मध्येच कसोटी बदललीत. एका जोडीत गाण्यांचे शब्द पाहिले, दुसरीत वादन. तिन्ही अल्बम एकाच दिवशी ऐका, पेच सुटतो.

दोन अगदी वेगळ्या जातीचे अल्बम एकमेकांशी ताडायचे तरी कसे?

दोघांनाही लागू पडतील असे प्रश्न विचारून. जे करायला निघाला होता ते त्याने केलं का? शेवटच्या तृतीयांशात जीव आहे का, की चांगली गाणी आधी संपवून टाकली? पाचव्या ऐकण्यात काही नवं हाती लागलं का?

वरच्याच दोन अल्बमवर हे लावून पाहू. 'नेव्हरमाइंड'ची कारागिरी बिनतोड आहे. बुच व्हिगने गिटार आणि आवाज थरावर थर चढवून मुद्रित केले, अँडी वॉलेसने मिश्रणात त्यांना धार आणली. कडवं दबकत येतं, धृपद फुटतं. पण तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात कानाला हा हिशेब कळतो आणि स्फोट कधी होणार ते आधीच ठाऊक असतं. 'द लो एंड थिअरी'त मुळात भरताडच नाही. बास, ड्रम आणि दोन आवाज, मध्ये भरपूर मोकळी जागा. एका गाण्यात तर रॉन कार्टर हा जॅझमधला मातब्बर स्वतः बास वाजवतो आणि ट्राइबचा रॅपर क्यू-टिप त्याच्या स्वरांना वळसे घालत शब्द टाकत जातो. ती मोकळी जागा दर वेळी वेगळी ऐकू येते. म्हणून माझ्या १९९१च्या यादीत तो वर आहे. तुम्हाला धृपदाचा स्फोट दहाव्यांदाही तितकाच अंगावर येत असेल तर तुमचा क्रम उलटा असणार, आणि तो तितकाच खरा.

'सर्वोत्तम' म्हणायचं की 'आवडते'?

आवडते. 'सर्वोत्तम' म्हटलं की माणूस परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि जे आवडायला हवं ते लिहू लागतो. मग वर्षभर मनापासून ऐकलेला नाचाच्या गाण्यांचा अल्बम बाराव्यावर ढकलला जातो, आणि दोनदा कसाबसा पार केलेला गंभीर अल्बम तिसऱ्यावर विराजमान होतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

किती वेळा वाजवला हे अ‍ॅपच सांगतं. त्याच आकड्यांवरून क्रम लावला तर?

आकडे पुरावा म्हणून ठेवा, निकाल म्हणून नको. काम करताना मागे चालू राहणारे अल्बम त्यात फुगतात, आणि जीव पिळवटणारा अल्बम माणूस वर्षातून चारदाच ऐकू शकतो.

दोन गाणी भन्नाट, बाकी भरताड. असा अल्बम कुठे बसवायचा?

खाली. भन्नाट गाण्यांसाठी गाण्यांची वेगळी यादी करता येते.

तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावत, म्हणून जुन्या अल्बमना आवर होता. सीडीवर ७४ मिनिटं मिळाली आणि नव्वदच्या दशकात पुष्कळांनी ती भरून काढली. आता तर मर्यादाच नाही आणि चोवीस-पंचवीस गाण्यांचे अल्बम सर्रास येतात. लांबीबद्दल सरसकट दंड लावू नये. पण सतरावं गाणं चालू असताना तुमचा हात पुढच्या गाण्याकडे जात असेल, तर त्या हाताचं मत मोजा.

दोन अल्बमना विभागून एकच क्रमांक दिला तर?

नाही. तीच तर पळवाट बंद करायची होती.

कलाकाराबद्दलची सहानुभूती किंवा राग यादीत उतरला तर?

उतरणारच. डेव्हिड बोईचा 'ब्लॅकस्टार' ८ जानेवारी २०१६ला, त्याच्या वाढदिवशी आला आणि १० तारखेला तो गेला. मधले दोनच दिवस असे होते की तो अल्बम नुसता नवा अल्बम म्हणून ऐकता आला. नंतर प्रत्येक ओळ निरोपाची वाटू लागली. आता कुणी म्हणेल, की ही सहानुभूती वजा करून मग क्रमांक द्या. ते शक्य नाही, आणि इथे तर योग्यही नाही, कारण अल्बम मरणाच्याच जाणिवेतून आकाराला आला होता. कलाकाराचं वागणं पटेनासं झालं म्हणून कुणी अल्बम वगळत असेल तर तोही त्याचा हक्क. मात्र 'संगीतातच दम नव्हता' अशी सबब मागाहून जोडू नये.

आम्ही पाच-सात जण आहोत. सगळ्यांच्या याद्यांची मिळून एक यादी कशी करायची?

बहुतेक जण पहिल्याला १०, दुसऱ्याला ९, असं करत दहाव्याला १ गुण देतात. अठराव्या शतकातल्या ज्याँ-शार्ल द बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. सोपी आहे, पण तिचा एक गुण म्हणा की खोड म्हणा, ती सौम्य अल्बमना उचलून धरते. समजा पाच जण आहेत. 'क' अल्बम दोघांच्या यादीत पहिला आणि बाकी तिघांच्या यादीत नाहीच: २० गुण. 'ख' पाचही जणांच्या यादीत पाचवा: ३० गुण. जिंकला 'ख', ज्याच्यावर कुणाचाच जीव जडलेला नाही.

न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाच्या पॅझ अँड जॉप मतदानाने यावर तोड काढली होती. समीक्षक रॉबर्ट क्रिस्गाऊने ते चालवलं. पहिलं १९७१मध्ये झालं आणि १९७४पासून दरवर्षी होऊ लागलं. तिथे प्रत्येक समीक्षकाला १०० गुण मिळत आणि ते दहा अल्बममध्ये वाटायचे असत, एकाला कमीत कमी ५, जास्तीत जास्त ३०. म्हणजे वरच्या उदाहरणात 'क'च्या दोन भक्तांनी प्रत्येकी ३० दिले तर त्याचे ६०, आणि 'ख'ला पाच जणांनी ८-८ दिले तर त्याचे ४०. निकाल फिरला. आवड किती आहे याबरोबर ती किती उत्कट आहे हेही त्यात मोजलं जातं. लहान टोळक्यासाठी मला हीच पद्धत पसंत आहे.

निर्दोष पद्धत मिळेल ही आशा सोडा. तीन माणसं आणि तीन अल्बम एवढ्यावरही क हा ख-ला, ख हा ग-ला आणि ग हा क-ला बहुमताने हरवतो असं चक्र तयार होऊ शकतं. काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने हे १७८५मध्येच दाखवलं होतं. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरोने १९५१मध्ये तर सिद्धच केलं, की तीन किंवा जास्त पर्याय असले की काही अगदी साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळणारी सामाईक क्रमवारीची पद्धत असू शकत नाही.

व्यवहारापुरतं सांगायचं तर: याद्या एकाच वेळी उघडा, नाही तर शेवटचा माणूस हातचं राखून डावपेच करतो. बरोबरी झाली तर ज्याला जास्त लोकांनी घेतलंय तो वर. आणि फक्त एकाच यादीत आलेल्या अल्बमची वेगळी नोंद ठेवा. सामाईक यादीत वर आलेलं बहुधा सगळ्यांनी ऐकलेलंच असतं. एकट्या पडलेल्या अल्बममध्ये तुम्ही न ऐकलेलं सापडतं.

हा नाद लोकांना कधीपासून आहे?

१९४८मध्ये कोलंबियाने लाँग प्ले तबकडी आणली आणि सलग ऐकायच्या अल्बमची सवय रुजली, त्यानंतरच अल्बमच्या वार्षिक याद्यांना अर्थ आला. गाण्यांच्या क्रमवारीचा षोक त्याहून व्यापक. अमीन सयानींची गीतमाला १९५२पासून रेडिओ सिलोनवरून घराघरांत पोचली आणि तिच्या वार्षिक कार्यक्रमासाठी लोक थांबून राहायचे. बीबीसीवर निवेदक जॉन पीलची, श्रोत्यांच्या मतांवर ठरणारी 'फेस्टिव्ह फिफ्टी' १९७६मध्ये सुरू झाली, तेव्हा ती सर्वकालीन होती. १९८२पासून ती त्या-त्या वर्षापुरती झाली. ऑस्ट्रेलियाच्या ट्रिपल जे रेडिओची 'हॉटेस्ट हंड्रेड'ही अशीच १९८९मध्ये सर्वकालीन म्हणून सुरू होऊन १९९३पासून वार्षिक झाली. दोन्हीकडचं कारण उघड आहे. दरवर्षी तीच तीच गाणी वर येऊ लागली होती.

समीक्षकांच्या याद्या आधी वाचाव्यात का?

आपली पक्की झाल्यावर वाचा. आधी वाचल्या की भीड पडते. १९९१च्या अखेरीस 'स्पिन' मासिकाने 'नेव्हरमाइंड'ला डावलून टीनएज फॅनक्लबचा 'बँडवॅगनेस्क' वर्षातला पहिला अल्बम ठरवला. यावर आजही लोक हसतात. मला ते हसणं पटत नाही. तो गोड, अघळपघळ गिटारींचा अल्बम ऐकून पाहा, त्या डिसेंबरात कुणाला तो का भावला असेल ते दहा मिनिटांत कळतं. पुढे कोण किती मोठा झाला हे यादी करणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि ते गृहीत धरून त्याने क्रमांक द्यावेत अशी अपेक्षाही चुकीची.

जुन्या वर्षाची यादी आता केली तर चालते का?

अवश्य, आणि त्यात वेगळीच मजा आहे. १९७१ घ्या. फेब्रुवारीत कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री', मे महिन्यात मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', जूनमध्ये जोनी मिचेलचा 'ब्लू', नोव्हेंबरात लेड झेपेलिनचा चौथा, डिसेंबरात बोईचा 'हंकी डोरी'. पहिल्या पाचातच दमछाक होते.

फक्त एवढं लक्षात ठेवा, की तुमच्यापर्यंत पोचलेलं १९७१ हे गाळून आलेलं १९७१ आहे. त्या वर्षीचं बरंचसं कुणी पुन्हा छापलंच नाही. आणि जे त्या काळी कुणी ऐकलं नाही ते नंतर वर आलं. निक ड्रेकचा 'पिंक मून' १९७२मध्ये आला तेव्हा अगदी थोड्या प्रती खपल्या. नुसता आवाज आणि गिटार, शीर्षकगीतात थोडा पियानो, बस्स. १९९९च्या अखेरीस ते गाणं एका मोटारीच्या जाहिरातीत वाजलं आणि अल्बमचं नशीब फिरलं. आज १९७२ची यादी त्याच्याशिवाय कुणी करत नाही. म्हणून जुन्या वर्षासाठी प्रसिद्ध नावांपलीकडचे दहा अल्बम शोधून ऐकल्याखेरीज क्रम लावू नये, असा माझा आग्रह आहे.

पुढच्या वर्षी मत बदललं तर जुनी यादी दुरुस्त करायची का?

नवी करा, जुनीला हात लावू नका. 'रोलिंग स्टोन'च्या पाचशे अल्बमच्या यादीत २००३मध्ये 'सार्जंट पेपर' पहिला होता, २०२०मध्ये 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर मतदार कसे बदलले, ऐकणं कसं बदललं, हे वाचता येतं. पहिली खोडून दुसरी लिहिली असती तर हातात काय राहिलं असतं?

यादीबरोबर काही लिहायला हवं का?

प्रत्येक अल्बमला दोन ओळी तरी. विशेषणं टाळा, जागा दाखवा: चौथ्या गाण्यात ड्रम थांबतात आणि आवाज एकटा पडतो, ते ऐका. 'अप्रतिम ध्वनिप्रवास' असं लिहिलंत तर वाचणारा पुढच्या क्रमांकावर उडी मारेल.

जाहीर कधी करावी?

जानेवारीच्या मध्यावर. तोवर डिसेंबरातले अल्बम तीन वेळा ऐकून होतात आणि मासिकांच्या याद्यांचा गलबला ओसरलेला असतो. वर तारीख टाकायला विसरू नका.